क्लासच्या प्रॉपर्टीतील ‘नल’ स्ट्रिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांसाठी हळदीची आवक, तोलाई आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाचे कागद) यांचा हिशेब ठेवणारी एक प्रणाली आम्ही काही वर्षे सांभाळत आहोत. तिच्यावर काम शिकायला सांगली, इस्लामपूर आणि कराड इथून येणारे विद्यार्थी पहिल्या महिन्यात जे प्रश्न विचारतात, त्यांतील बरेचसे या ना त्या वाटेने ‘नल’पाशी, म्हणजे ‘इथे किंमतच नाही’ या खुणेपाशी, येऊन थांबतात. तेच प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. उदाहरणांसाठी ‘शेतकरी’ हा एकच क्लास (नोंदीचा साचा) धरला असून त्यात नाव, मधले नाव, आडनाव, गाव, मोबाइल, पॅन, जीएसटी क्रमांक आणि शेरा अशा स्ट्रिंग प्रकारच्या, म्हणजे मजकूर ठेवणाऱ्या, प्रॉपर्टी (माहितीचे रकाने) आहेत. विवेचन मुख्यतः सी शार्प आणि जावा या भाषांना धरून आहे. इतर भाषांत वेगळे घडत असेल तिथे तसे सांगितले आहे.

नल आणि रिकामी स्ट्रिंग यांत नेमका फरक काय?

सी शार्प व जावा या भाषांत स्ट्रिंग हा संदर्भ-प्रकार आहे, म्हणजे प्रॉपर्टीत प्रत्यक्ष अक्षरे नसतात, तर ती अक्षरे मेमरीत जिथे आहेत तिथला पत्ता असतो. रिकामी स्ट्रिंग असेल तेव्हा पत्ता असतो, त्या पत्त्यावर स्ट्रिंगही असते, फक्त तिच्यात एकही अक्षर नसते. नल असेल तेव्हा पत्ताच नसतो. यार्डातल्या भाषेत सांगायचे तर रिकामी स्ट्रिंग म्हणजे रिकामे बारदान : ते काट्यावर ठेवता येते, त्याची घडी घालता येते आणि त्यात हळद शून्य किलो आहे असे ठामपणे लिहिता येते. नल म्हणजे बारदान आणलेलेच नाही. न आणलेले बारदान काट्यावर ठेवायला सांगितले तर हमाल जागचा हलणार नाही, आणि नल असलेल्या प्रॉपर्टीची लांबी विचारली तर प्रोग्रामही तसाच थबकतो. सी शार्पमध्ये त्या वेळी नलरेफरन्सएक्सेप्शन हे एक्सेप्शन (प्रोग्राम थांबवणारी त्रुटी) येते आणि जावामध्ये नलपॉइंटरएक्सेप्शन. जावा १४ मध्ये आलेल्या आणि जावा १५ पासून आपोआप चालू असलेल्या सोयीमुळे नेमकी कोणती प्रॉपर्टी नल होती हे आता त्या संदेशातच वाचायला मिळते. त्याआधी केवळ ओळीचा क्रमांक हाती धरून शोध घ्यावा लागत असे.

मी प्रॉपर्टीला नल दिलेच नव्हते. मग ती नल कशी झाली?

तुम्ही काहीच दिले नाही, म्हणूनच ती नल झाली. ऑब्जेक्ट, म्हणजे क्लासच्या साच्यातून बनलेली एक नोंद, तयार होताना त्याच्या वाट्याची मेमरी शून्यांनी भरली जाते. संख्येच्या बाबतीत त्याचा अर्थ शून्य होतो, बूलियनच्या बाबतीत ‘असत्य’ होतो आणि संदर्भाच्या बाबतीत नल होतो. मेथडच्या (क्लासमधील एका कृतीच्या कोडच्या) आतील स्थानिक चलाला किंमत न देता ते वापरले तर सी शार्प आणि जावा या दोन्ही भाषांचे कंपाइलर (कोड तपासून भाषांतर करणारे प्रोग्राम) अडवतात, परंतु क्लासच्या फील्डबाबत, म्हणजे प्रॉपर्टीची किंमत जिथे साठते त्या जागेबाबत, असा अडथळा पूर्वापार नव्हता, आणि नवशिक्यांची फसगत नेमकी इथेच होते.

सगळ्याच भाषा अशा वागत नाहीत. गो भाषेत स्ट्रिंगची आरंभीची किंमत रिकामी स्ट्रिंग असते आणि गोमधील साधी स्ट्रिंग नल होऊच शकत नाही. सी प्लस प्लसच्या प्रमाणित स्ट्रिंग क्लासचेही तसेच आहे. स्विफ्टमध्ये प्रॉपर्टीला किंमत न देता ऑब्जेक्ट बांधण्याचा प्रयत्न केला तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. पीएचपी ७.४ पासून, म्हणजे २०१९ पासून, प्रकार लिहिलेल्या प्रॉपर्टीला किंमत दिली नसेल तर ती नल नसते, ‘अनारंभित’ असते आणि वाचायला गेल्यास थेट एरर येते. ही तिसरी अवस्था पुष्कळांना गोंधळात टाकते. मला मात्र ती प्रामाणिक वाटते.

एक कमी ठाऊक असलेली वाटही सांगून ठेवतो. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरमधून (ऑब्जेक्ट बांधणाऱ्या कोडमधून) एखादी मेथड बोलावली आणि ती मेथड उपक्लासने (मूळ क्लासवरून काढलेल्या क्लासने) आपल्या पद्धतीने पुन्हा लिहिलेली असेल, तर जावामध्ये त्या क्षणी उपक्लासच्या फील्डना किंमती मिळालेल्याच नसतात. फील्डच्या घोषणेसमोर किंमत लिहिलेली तुम्हाला डोळ्यांनी दिसते आणि तरीही हाती नल येते. सी शार्पमध्ये घोषणेसमोर लिहिलेल्या किंमती मूळ कन्स्ट्रक्टरच्या आधीच भरल्या जातात, पण उपक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये भरायच्या किंमतींबाबत तिथेही हाच धोका राहतो.

ही नलची कल्पना आणली कोणी?

ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली अल्गोल डब्ल्यू या भाषेत नल संदर्भ आणला. २००९ साली लंडनमधील एका परिषदेत त्यांनी स्वतःच त्याला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. तो संदर्भ आणणे फारच सोपे होते म्हणून मोह आवरला नाही, असे कारणही त्यांनी दिले.

मग सगळ्याच स्ट्रिंग प्रॉपर्टींना सुरुवातीला रिकामी स्ट्रिंग देऊन टाकली तर प्रश्न मिटणार नाही का?

एक्सेप्शन मिटेल, प्रश्न मिटणार नाही. हा उपाय सर्वांत जास्त सुचवला जातो आणि सर्वांत जास्त वेळा मला तो परत काढावा लागला आहे, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो.

आमच्या ‘शेतकरी’ क्लासमधील एकेक प्रॉपर्टी घेऊन पाहा. ‘शेरा’ ही प्रॉपर्टी रिकामी असेल तर त्याचा अर्थ एवढाच की कोणी काही शेरा लिहिलेला नाही. इथे नल आणि रिकामी स्ट्रिंग यांत व्यवहाराच्या दृष्टीने काहीच फरक नाही आणि तिला सुरुवातीलाच रिकामी स्ट्रिंग देणे सर्वथैव योग्य आहे. ‘नाव’ ही प्रॉपर्टी रिकामी असणे हीच मुळी चूक आहे. तिला रिकामी स्ट्रिंग दिली तर चूक झाकली जाईल आणि बिननावाची पट्टी छापली जाईल. ‘पॅन’ नसण्याला दोन अर्थ आहेत : शेतकऱ्याने पॅन काढलेले नाही असे त्याने सांगितले आहे, किंवा कारकुनाने गर्दीच्या वेळी विचारलेच नाही. पहिल्या बाबतीत पुन्हा विचारायचे नाही, दुसऱ्या बाबतीत पुढच्या खेपेला विचारायचे आहे. ‘जीएसटी क्रमांक’ हा शेतकऱ्याच्या बाबतीत बहुधा लागूच नसतो, कारण स्वतःच्या शेतातील माल विकणाऱ्या शेतकऱ्याला नोंदणीतून सूट आहे. खरेदीदाराच्या बाबतीत मात्र तोच रकाना कळीचा ठरतो. आडनावाचीही तीच कथा. सांगलीत तेलंगण आणि तमिळनाडूकडूनही हळद येते, आणि तिकडच्या कित्येकांना आपल्या अर्थाने आडनावच नसते, नावाआधी आद्याक्षरे असतात. त्यांच्या बाबतीत आडनाव ‘भरायचे राहिले’ असे म्हणणे चुकीचे आहे.

थोडक्यात, ‘किंमत नाही’ या एका दिसण्यामागे निदान चार वेगवेगळ्या गोष्टी असतात : अजून विचारलेले नाही, विचारले पण माहीत नाही, नाही असे माहीत आहे, आणि लागूच नाही. नल यांपैकी एकीचेही नाव घेत नाही, आणि रिकामी स्ट्रिंगही घेत नाही. रिलेशनल डेटाबेसचा पाया घालणारे एडगर कॉड यांनीही पुढे, एकच नल पुरत नाही असे म्हणून, ‘लागू पण अज्ञात’ आणि ‘लागूच नाही’ अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या होत्या; प्रचलित एसक्यूएलने (डेटाबेसच्या प्रश्नभाषेने) त्या स्वीकारल्या नाहीत. तेव्हा ज्या प्रॉपर्टीच्या बाबतीत हा भेद कामाचा आहे, तिथे तो तुम्हालाच दुसऱ्या प्रॉपर्टीने सांगावा लागतो. आम्ही पॅनच्या शेजारी ‘पॅन-स्थिती’ ही छोटी इनम (ठरलेल्या पर्यायांतून एकच घेणारी) प्रॉपर्टी ठेवली आहे : विचारले नाही, नाही, आहे. एक रकाना वाढला, पण कारकुनाला कोणाला पुन्हा विचारायचे ते कळू लागले.

मोबाइलच्या रकान्यात रिकामी स्ट्रिंग ठेवल्यावर दुसरा शेतकरी सेव्हच होत नाही. असे का?

त्या रकान्यावर युनिक निर्बंध, म्हणजे एकच किंमत दोनदा येऊ न देणारा नियम, असणार. रिकामी स्ट्रिंग ही डेटाबेसच्या लेखी खरीखुरी किंमत असते, आणि दोन शेतकऱ्यांची ‘रिकामी’ ही किंमत सारखीच असल्यामुळे दुसरा अडवला जातो. नल ठेवली तर पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल हे डेटाबेस कितीही नल चालवून घेतात. एसक्यूएल सर्व्हर मात्र युनिक इंडेक्समध्ये एकच नल चालू देतो, म्हणून तिथे ‘नल नसलेल्या ओळींपुरता’ असा गाळीव इंडेक्स करावा लागतो. आमच्याकडे ही चूक हंगामाच्या ऐन मध्यावर उघडी पडली होती, तेव्हा दुकानातल्या मुलाने स्वतःच तोडगा काढला आणि मोबाइल नसलेल्या प्रत्येक शेतकऱ्यासमोर आपलाच नंबर एकेक अंक बदलून टाकायला सुरुवात केली. ते खोटे नंबर शोधून काढायला आम्हाला नंतर कित्येक दिवस लागले. एका घरात बाप आणि दोन मुले मिळून एकच फोन वापरतात हे लक्षात घेतले असते, तर मोबाइलवर युनिक निर्बंध घालण्याचे मुळात कारणच नव्हते.

नलऐवजी ‘नाही’, ‘एनए’ किंवा नुसती आडवी रेघ भरून ठेवली तर?

शक्यतो नको. अशी ठरावीक खूण म्हणजे खऱ्या किंमतीच्या वेशातली खोटी किंमत असते, आणि ती ओळखण्याची जबाबदारी प्रणाली वाचणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामवर येऊन पडते. एकाने ‘एनए’ लिहिले, दुसऱ्याने ‘एन/ए’, तिसऱ्याने ‘निरंक’, की शोध घेणारी क्वेरी निकामी होते. अपवाद फक्त तिथे, जिथे खूण एका अधिकृत नियमाने ठरलेली आहे : मालवाहतुकीच्या ई-वे बिलात नोंदणी नसलेल्या व्यक्तीच्या जीएसटी क्रमांकाच्या जागी ‘यूआरपी’ (अनरजिस्टर्ड पर्सन) ही अक्षरे लिहायची असतात. तिथेही आमच्या क्लासमध्ये ती प्रॉपर्टी नलच असते. ‘यूआरपी’ हे शब्दरूप फाइल बाहेर पाठवणाऱ्या कोडमध्ये, अगदी शेवटच्या पायरीवर दिले जाते.

उलट बाजूचा धोकाही आहे. नकारासारखा दिसणारा शब्द म्हणजे किंमत नाही, असे समजून डेटा साफ करणारे कोड आम्ही पाहिले आहे. सातारा जिल्ह्यात मुलगी झाली म्हणून ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावे ठेवण्याची रीत होती, आणि २०११ साली जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ते नाव कितीही क्लेशदायक असले तरी जुन्या कागदपत्रांवर ते त्या व्यक्तीचे नावच आहे. नाव बदलल्यावर जुने नाव ‘पूर्वीचे नाव’ या प्रॉपर्टीत जावे; ते नल करून टाकले तर सातबारा आणि शाळेचा दाखला जुळवताना त्याच बाईला हेलपाटे घालावे लागतात.

तपासणी कुठे करावी : कन्स्ट्रक्टरमध्ये, सेटरमध्ये (किंमत भरताना) की गेटरमध्ये (किंमत वाचताना)?

किंमत आत येते तिथे. ‘नाव’ आणि ‘गाव’ यांसारख्या अनिवार्य प्रॉपर्टी कन्स्ट्रक्टरने मागून घ्याव्यात आणि नल आल्यास तिथल्या तिथे एक्सेप्शन फेकावे. जावा ७ पासून त्यासाठी रिक्वायरनॉननल ही तयार मेथड आहे. डॉटनेट ६ मध्ये आर्ग्युमेंटनलएक्सेप्शनवर थ्रोइफनल आली आणि डॉटनेट ७ पासून रिकामी स्ट्रिंगही अडवणारी जोडमेथड मिळाली. एक्सेप्शन आले म्हणून विद्यार्थी घाबरतात. वास्तविक काउंटरवर नाव भरतानाच आलेले एक्सेप्शन हे रात्री पट्ट्या छापताना येणाऱ्या एक्सेप्शनपेक्षा फार स्वस्त पडते.

ऐच्छिक प्रॉपर्टींच्या बाबतीत सेटरमध्ये एकच नियम लावावा : पुढच्या-मागच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि उरलेली स्ट्रिंग रिकामी असेल तर ठरल्याप्रमाणे नल किंवा रिकामी स्ट्रिंग ठेवावी. दोन्ही नकोत. एकाच प्रॉपर्टीत कधी नल, कधी रिकामी स्ट्रिंग आणि कधी तीन स्पेस सापडतात, तेव्हा तो क्लास वापरणारा प्रत्येक जण स्वतःची वेगळी तपासणी लिहू लागतो.

गेटरमध्ये नलचे रूपांतर करण्याचा मोह टाळावा. फील्डमध्ये नल आहे आणि गेटर रिकामी स्ट्रिंग दाखवतो, अशा वेळी एखादे ओआरएम (ऑब्जेक्ट आणि डेटाबेस जोडणारी लायब्ररी) गेटरमधून किंमत वाचून ती डेटाबेसमध्ये लिहून टाकू शकते. शेतकऱ्याची नुसती माहिती उघडून पाहिली तरी नोंद बदलते, आणि कोणी बदलली याचा थांगपत्ता लागत नाही.

सी शार्प ८ मधील नलेबल संदर्भांमुळे आता नल येणारच नाही ना?

तसे आश्वासन ती सोय देत नाही. २०१९ मध्ये सी शार्प ८ बरोबर आलेल्या या सोयीत नुसते ‘स्ट्रिंग’ लिहिले तर ‘ही नल नसावी’ आणि पुढे प्रश्नचिन्ह लावले तर ‘ही नल असू शकते’ असा हेतू नोंदवला जातो, आणि हेतूविरुद्ध कोड लिहिल्यास कंपाइलर इशारा देतो. परंतु हा सगळा कारभार कंपाइलच्या वेळेपुरता असतो. प्रोग्राम चालू असताना दोन्ही एकच स्ट्रिंग असतात. जेसन (माहिती पाठवण्याचे मजकूर-रूप) वाचणारी लायब्ररी, रिफ्लेक्शन (चालू प्रोग्राममधून क्लासला आतून हाताळण्याची सोय), किंवा ही सोय चालू नसलेला जुना प्रकल्प यांच्या वाटेने ‘नल नसावी’ अशा प्रॉपर्टीत नल सहज शिरते. सी शार्प ११ मधील ‘रिक्वायर्ड’ हा शब्दही एवढेच पाहतो की ऑब्जेक्ट बांधताना त्या प्रॉपर्टीला काहीतरी दिले आहे. दिलेली किंमत नल असेल तर तोही फक्त इशाऱ्यावरच थांबतो.

इशारे बंद करण्यासाठी प्रॉपर्टीसमोर ‘नल’ लिहून पुढे उद्गारचिन्ह लावण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ते उद्गारचिन्ह म्हणजे ‘माझ्यावर विश्वास ठेव’ असे कंपाइलरला दिलेले तोंडी वचन आहे. कोड तपासताना मी पहिल्यांदा तीच चिन्हे शोधतो.

कोटलिनमध्ये २०१६ च्या पहिल्या आवृत्तीपासून हा भेद भाषेच्या गाभ्यात आहे आणि नियमभंग झाल्यास इशारा नव्हे, एरर येते. तिथेही जावाच्या लायब्ररीतून आलेल्या स्ट्रिंगबाबत कंपाइलरला खात्री नसते, आणि ‘लेटइनिट’ (किंमत नंतर देईन) लिहिलेली प्रॉपर्टी किंमत देण्याआधी वाचली तर एक्सेप्शन येतेच. डार्ट या भाषेने २०२१ मध्ये २.१२ या आवृत्तीत हीच दिशा धरली.

पट्टीवर शेतकऱ्याच्या नावात ‘नल’ अशी अक्षरे का छापली जातात?

कारण जावामध्ये अधिक चिन्हाने स्ट्रिंग जोडताना नलच्या जागी तीच चार रोमन अक्षरे घातली जातात. नाव, मधले नाव आणि आडनाव जोडून पूर्ण नाव तयार केले आणि मधले नाव नल असेल, तर पट्टीवर नाव आणि आडनाव यांच्या मध्ये हा पाहुणा येऊन बसतो. आमच्या पहिल्या हंगामात तशा पट्ट्या गेल्या होत्या आणि एका वयस्कर शेतकऱ्याने दुकानात येऊन, माझ्या वडिलांचे नाव नल नाही, असे शांतपणे सांगितले होते. दमयंतीच्या नवऱ्याचा संबंध लावून आम्ही नंतर हसलो, पण त्या दिवशी हसू आले नव्हते.

सी शार्पमध्ये अशा जोडणीत नलला रिकामी स्ट्रिंग मानले जाते, त्यामुळे ही अक्षरे येत नाहीत, पण दोन मोकळ्या जागा लागोपाठ राहतात. विभाजक देऊन जोडणाऱ्या जॉइन मेथडचेही दोन्ही भाषांत असेच आहे : जावाची मेथड ‘नल’ लिहिते, सी शार्पची मेथड रिकामा तुकडा धरून विभाजक मात्र ठेवते. पायथनमध्ये स्ट्रिंगला नन (तिथली नल) जोडू गेल्यास टाइपएरर येते, आणि माझ्या मते यांतले सर्वांत सरळ वागणे तेच आहे. उपाय सगळीकडे एकच : आधी नल आणि रिकामे तुकडे गाळा, मग उरलेले जोडा, आणि हे काम ‘पूर्ण नाव’ या केवळ वाचता येणाऱ्या एकाच प्रॉपर्टीत करा. पट्टी, एसएमएस आणि वार्षिक खातेउतारा या तिघांनी तीच प्रॉपर्टी वापरली पाहिजे.

स्ट्रिंग नल नाही, रिकामीही नाही, पण पडद्यावर काहीच दिसत नाही. हे काय असते?

बहुधा फक्त मोकळ्या जागा असतात. सी शार्पमध्ये डॉटनेट ४ पासून इजनलऑरव्हाइटस्पेस ही मेथड आहे, आणि जावा ११ पासून इजब्लँक. दुसरी वापरण्याआधी नलची तपासणी स्वतः करावी लागते, कारण ती स्ट्रिंगच्याच अंगावरची मेथड आहे. एक्सेलमधून किंवा वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात ‘न तुटणारी मोकळी जागा’ असते. सी शार्प तिला मोकळी जागा मानतो, जावाची इजब्लँक मानत नाही.

मराठीत याहून नाजूक एक प्रकार आहे. शून्य रुंदीचे जोडचिन्ह कोणत्याच भाषेच्या लेखी मोकळी जागा नाही, आणि केवळ तेच असलेली स्ट्रिंग सगळ्या तपासण्यांतून सुटून जाते. म्हणून कोणी ही चिन्हे सरसकट काढून टाकणारे कोड लिहिते, आणि मग ‘सुर्‍या’चा ‘सुर्या’ होतो, कारण जुन्या पद्धतीने टंकलेल्या मजकुरात अर्धा चंद्रासारखा र त्याच अदृश्य चिन्हावर उभा असतो. नव्या कळफलकांवर हाच र वेगळ्या युनिकोड अक्षराने, म्हणजे नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहिला जातो, त्यामुळे ‘गोऱ्हे’ हे एकच आडनाव दोन वेगळ्या स्ट्रिंग म्हणून साठवलेले सापडते. चिन्हे काढू नका. ‘यात निदान एक दिसणारे अक्षर आहे का’ एवढेच तपासा, आणि शोधासाठी दोन्ही रूपे एका रूपात आणून वेगळ्या प्रॉपर्टीत ठेवा.

दोन प्रॉपर्टींची तुलना करताना काय जपावे?

जावामध्ये डावीकडची स्ट्रिंग नल असेल तर इक्वल्स मेथड फुटते, म्हणून जावा ७ पासून असलेली ऑब्जेक्ट्स क्लासमधील इक्वल्स वापरावी. सी शार्पमधील दुहेरी बरोबर चिन्ह नलला घाबरत नाही, परंतु त्याच्या लेखी नल आणि रिकामी स्ट्रिंग वेगळ्या आहेत. व्हीबी डॉटनेटमध्ये मात्र ‘नथिंग’ आणि रिकामी स्ट्रिंग या बरोबरीच्या चिन्हाला सारख्याच वाटतात. जुने व्हीबीचे कोड सी शार्पमध्ये आणताना हा फरक हमखास चावतो.

गावानुसार यादी लावताना सी शार्प नल पहिल्यांदा ठेवतो, जावा साध्या क्रमात एक्सेप्शन फेकतो आणि त्याला नल आधी की शेवटी हे सांगावे लागते. पोस्टग्रेस चढत्या क्रमात नल शेवटी ठेवतो, एसक्यूएल सर्व्हर आणि मायएसक्यूएल सुरुवातीला. त्यामुळे तीच यादी पडद्यावर एक आणि छापील कागदावर दुसरी दिसू शकते.

डेटाबेसमध्ये कोणते ठेवावे?

प्रॉपर्टीसाठी जे ठरवले तेच. अनिवार्य प्रॉपर्टीचा रकाना ‘नॉट नल’ असावा, म्हणजे आपले कोड वगळून कोणी थेट नोंद घातली तरी ती अडेल. जँगो या पायथनच्या वेब चौकटीच्या (फ्रेमवर्कच्या) परंपरेत मजकुराच्या रकान्यात नल न ठेवता रिकामी स्ट्रिंगच ठेवतात, जेणेकरून ‘काही नाही’ याची दोन रूपे होऊ नयेत. युनिक आणि ऐच्छिक अशा रकान्याचा तेवढा अपवाद. ओरॅकल वापरत असाल तर निवड तुमच्या हाती नाही, कारण तो रिकामी स्ट्रिंग नल म्हणूनच साठवतो : सेव्ह केलेला ऑब्जेक्ट परत वाचला की रिकामी असलेली प्रॉपर्टी नल होऊन येते.

क्वेरीत ‘गाव मिरज नाही’ अशी अट लिहिली तर गाव नल असलेले शेतकरी त्यात येत नाहीत, कारण नलशी केलेल्या कोणत्याही तुलनेचे उत्तर सत्यही नसते आणि असत्यही नसते, ते अज्ञात असते. सी शार्पमधील तीच अट नल असलेल्यांना सामील करून घेते. पडद्यावरची एकूण संख्या आणि अहवालातली संख्या जुळत नाही अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा इथे पाहतो.

वेब फॉर्ममधून न भरलेला रकाना नल येतो की रिकामा?

ब्राउझर रिकामी स्ट्रिंग पाठवतो; पुढे काय होते ते चौकटीवर अवलंबून आहे. एएसपी डॉटनेट कोअर एमव्हीसी फॉर्ममधली रिकामी स्ट्रिंग आपणहून नल करते. पीएचपीच्या लाराव्हेल या चौकटीच्या ५.४ या आवृत्तीपासून तेच काम एक मिडलवेअर, म्हणजे विनंती आत येताना मध्ये चालणारे कोड, करते. जेसनमध्ये ‘रकाना पाठवलाच नाही’ आणि ‘रकाना नल पाठवला’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अंशतः बदल करताना हा भेद निर्णायक असतो. २०१४ च्या जेसन मर्ज पॅचच्या नियमानुसार न पाठवलेला रकाना जसाच्या तसा राहतो आणि नल पाठवलेला पुसला जातो. साध्या क्लासमध्ये वाचल्यावर दोन्ही नलच दिसतात, म्हणून मोबाइल ॲपने फक्त गाव दुरुस्त करायला पाठवले आणि सर्व्हरने शेतकऱ्याचा पॅन पुसून टाकला, असे घडते. अशा ठिकाणी ‘हा रकाना आला होता का’ हे सांगणारा वेगळा प्रकार घ्यावा लागतो.

जावामध्ये प्रॉपर्टीच ऑप्शनल प्रकारची केली तर चालेल का?

फील्ड नको, गेटरचे उत्तर चालेल. जावा ८ मधील ऑप्शनल हे मेथडच्या परतीच्या किंमतीसाठी योजलेले आहे. ते सीरियलाइझ होत नाही (साठवण्याजोग्या रूपात बदलता येत नाही), आणि ऑप्शनल प्रकारचे फील्ड स्वतःच नल राहू शकते, तेव्हा पहिलाच प्रश्न नव्या आवरणात परत येतो.

प्रत्येक बिंदूआधी प्रश्नचिन्ह लावले की काम भागते. मग एवढा विचार कशाला?

सी शार्प ६ पासून असलेले प्रश्नचिन्ह-बिंदू हे चिन्ह आणि त्याच्या जोडीचे दुहेरी प्रश्नचिन्ह ही उत्तम साधने आहेत, पण जिथे नल असणे रास्त आहे तिथेच. ‘शेतकऱ्याच्या गावाच्या नावाचे पहिले अक्षर’ काढताना तीन ठिकाणी प्रश्नचिन्हे असतील, तर त्यांतील किमान दोन ठिकाणी नल येणे ही चूक आहे आणि तुम्ही तिला गप्प बसवले आहे. एक्सेप्शन येणार नाही. गावाचा रकाना कोरा असलेली पट्टी तेवढी छापली जाईल, आणि ती आधी शेतकऱ्याला दिसेल, तुम्हाला नंतर.

आमचा प्रोग्राम जुना आहे आणि त्यात सगळीकडे मिसळ झाली आहे. सुरुवात कुठून करावी?

कोडपासून नव्हे, डेटापासून. प्रत्येक स्ट्रिंग रकान्यासाठी नल किती, रिकाम्या किती, फक्त मोकळ्या जागांच्या किती आणि ‘एनए’सारख्या खुणांच्या किती, हे मोजून एक तक्ता करा. तो तक्ता घेऊन काउंटरवर बसणाऱ्या कारकुनासमोर बसा आणि प्रत्येक रकान्याचा कोरेपणा त्याच्या लेखी काय सांगतो ते विचारून लिहून घ्या. आम्हाला ‘मधले नाव’ कोरे ठेवण्याचे खरे कारण तिथेच कळले, कारण विवाहित स्त्रियांच्या बाबतीत वडिलांचे लिहायचे की पतीचे हे ठरत नसल्यामुळे तो रकाना मुद्दाम सोडला जात होता.

त्यानंतर एकेक रकाना घ्या : आधी सेटरचा नियम लावा, मग जुना डेटा एका रूपात आणा, आणि शेवटी डेटाबेसचा निर्बंध घाला. क्रम उलटा केला तर निर्बंध बसणारच नाही. सी शार्पमध्ये नलेबलची सोय एकेका फाइलपुरती चालू करता येते. ‘शेतकरी’ क्लासपासून सुरू करून त्याला वापरणाऱ्या फाइलींकडे सरकत जा, आणि ऐन हंगामात काउंटरवरच्या पडद्यांना हात लावू नका.